उजव्या हाताचा नियम

गावात भांडण लागलं की लोक सोडवायला धावतात. आमचे बिसेन गुरुजी कोन मोजायला उभे राहायचे. "दोघंही एकाच दिशेनं ओरडून राहिले. कोन शून्य, गुणाकार शून्य. यातून काही निघत नाही. चला घरी!" हसू यायचं, भांडण मोडायचं.

मी त्यांची शेजारीण. शाळा चौथीपर्यंतची, बाकीचं कुंपणापलीकडून ऐकून शिकलेली. माझी नात सोनू बारावीच्या गणिताला त्यांच्याकडे जाते ना, म्हणून. खराट्याच्या दोन काड्या टेबलावर ठेवायच्या, ते दोन सदिश, म्हणजे दिशेचे बाण. उजव्या हाताची बोटं पहिलीकडून दुसरीकडे वळवायची. अंगठा दाखवेल तिकडे गुणाकार. "आधी कोण, मंग कोण, ते पाहा! उलट केलं का बाण उलटा." यापायी त्यांच्या घरच्या खराट्यांना टक्कल पडलं होतं. गुरुजींच्या बाई होत्या तेव्हा ओरडायच्या, "आता अंगण काय पुस्तकानं झाडू?" त्या गेल्या आणि ओरडायलाही कोणी उरलं नाही.

पोळ्यानंतर गुरुजींना लकवा झाला. बोलणं परत आलं, उजवा हात नाही आला. तरी शिकवणं सुरूच, डाव्या हातानं. पण डाव्याचा अंगठा उलटीकडे जातो. पुस्तकात वर, गुरुजींचं खाली. तीन दिवस ते पुस्तकाशीच भांडले, "छापणारा चुकला!" सोनूला कळलं होतं, पण बोलणार कशी?

चौथ्या दिवशी त्यांनाच उमगलं. सोनूला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

पोरगी रडत आली. मी तशीच गेले. गुरुजी अंधारात बसलेले, दिवासुद्धा नाही. काड्या खाली पडलेल्या.

"वहिनी, जनम गेला शिकवण्यात. आता पोरीले उलटं शिकवून राहिलो."

मी काड्या उचलल्या, टेबलावर ठेवल्या आणि माझा हात पुढे केला. "हा घ्या. धानाच्या रोवणीनं वाकडा झाला, पण उजवाच हाये."

 गुरुजींनी डाव्या हातानं माझं एकेक बोट वळवलं. अंगठा वर आला.

"हाव," म्हणाले. "वरच."

आता रोज संध्याकाळी सोनूसोबत मीही जाते, हात घेऊन. तिचा धडा संपतो, ती वही मिटते, तरी गुरुजी हात लगेच सोडत नाहीत.

"थांबा वहिनी, एकदा पुन्हा पाहून घेऊ."

अंगठा केव्हाचाच वर झालेला असतो. मी थांबते.