कालवडीचं बारसं

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते हरभरे निवडायचं. कालवडीच्या बारशाच्या घुगऱ्यांसाठी. हसायचं तर हसा. माझी बायको शेवंता गोठ्यातल्या प्रत्येक वासराचं बाराव्या दिवशी बारसं करायची.

गल्लीतल्या बाया बोलवायची, वासराला काजळ लावायची आणि कानात कुर्रर्र करून नाव सांगायची. नाव म्हणजे नोकरीच. तहसीलदार, नर्स, कंडक्टर. कंडक्टर गाडीला जुंपून टेंभुर्णीला गेलो की लोक विचारायचे, "तिकीट फाडलं का?" नाव ठेवलेलं जनावर विकायचं न्हाई, हा तिचा कायदा. मी कधी मोडला न्हाई.

बारशाला आत्या लागते, म्हणून माझी बहीण कौसा धावड्याहून यायची. नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत बुक्क्या घालतात. शेवंता सगळ्यात जोरात घालायची.

"वैनी, वासरांची आत्या होऊन माझी पाठ गेली," कौसा कुरकुरायची.

"मंग काय माणसाच्या लेकराची वाट पाहता, वन्सं?" शेवंता हसत म्हणायची. आम्हाला लेकरू न्हाई.

यंदा गायीला जुळं झालं. एक गोऱ्हा, एक कालवड. जनावरांच्या डॉक्टरनं कालवडीला नळी लावून पाहिली आणि मान हलवली. "काका, पोटात दोघांचं रक्त एक झालं. भावाचं हार्मोन बहिणीत उतरलं. तिची पिशवी बराबर बनलीच नाही. ही गाभण राहणार नाही."

"हार्मोन काय असतं?" शेवंतानं विचारलं.

"नर-मादी घडवणारा रस, मावशी. रक्तातून फिरतो."

"म्हंजे केलं भावानं अन् भोगायचं बहिणीनं. मंग गोऱ्ह्यालाच डॉक्टर करते. निस्तरू दे त्याला."

डॉक्टर गेल्यावर मी बोललो, "वांझ कालवड कशाला पोसायची? बारशाआधी बाजारात नेतो."

ती शेण भरून राह्यली होती. हात थांबला न्हाई. "मला नेलं का?"

"तुला कोण घेणार होतं?"

ती इतकी हसली की पाटी खाली ठेवावी लागली. मी हो म्हणालो न्हाई, न्हाईबी म्हणालो न्हाई.

तरी अकराव्या दिवशी सांजंला हरभरे निवडायला बसलोच. तिनं ते भिजत घातले. "कालवडीचं नाव काय?" मी विचारलं.

"उद्या कळंल. आत्ता कशाला जल्दी?"

पहाटे ती उठली न्हाई. झोपेतच गेली. दुपारी तिला पोचवून आलो. भावकीतला एकजण अंगणात बसून म्हणाला, "ती वांझ कालवड आता काढून टाका. कोण करणार तिचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, हरभऱ्याला मोड आल्ते. सुतकात चूल न्हाई, बारसं तर बिलकुल न्हाई, हे मला समजतं. हरभरे गायीपुढं टाकले आणि गुडघे टेकले. गोऱ्ह्याच्या कानात म्हणालो, डॉक्टर. कालवडीच्या कानात कुर्रर्र केलं आणि म्हणालो, मालकीण. घरात तेवढी एकच जागा खाली होती.

वळून पाहिलं तर कौसा मागं उभी. वाकली आणि पाठ पुढं केली.

मी बुक्की घातली. शेवंता घालायची तशी.

"हळू रे दादा."

वासरं दोन होती. दुसरीबी घातली.