ओरडू नका, पेलिकन बसलेत

पहिली गोष्ट खटकली ती वांगी.

पक्षी बघायला निघालेल्या गाडीच्या डिकीत दुर्बीण असावी, पाण्याची बाटली असावी, फार तर एखादी टोपी असावी. आमच्या डिकीत वांग्यांचं पोतं होतं. भरिताची, फिकट हिरवी, एकेक तान्ह्या बाळाएवढी. त्यांच्याखाली कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा भारा, आणि काड्यांच्या खाली (मी उचकून पाहिलं) माझं पक्ष्यांचं पुस्तक.

"आबा, आपण पेलिकन बघायला चाललोय ना?"

"मग? पेलिकन बघून उपाशी यायचं का?" आबा म्हणाले. "थंडी आहे, धरण आहे, काड्या आहेत. माणसानं भरीत नाही करायचं तर काय करायचं?"

मागच्या सीटवर धरणगावहून खास आलेली अक्का, म्हणजे माझी आत्या, आबांची थोरली बहीण, मांडीवर ठेचायची लाकडी बडगी घेऊन बसली होती. शेजारी आई, पुऱ्यांचा डबा घेऊन. मी म्हटलं, ठीक आहे. आजचा दिवस डोकं शांत ठेवायचं. आज माझा समुद्र पणाला लागला होता.

समुद्राचं सांगते. बी.एस्सी. होऊन वर्ष झालं तरी मी आमच्या कॉलेजातल्या सरांच्या पक्षीगटात आहे. सर दरवर्षी चार-पाच जणांना जामनगरच्या किनाऱ्यावर शिबिराला नेतात. तिथं पेलिकन थव्यांनी उतरतात, आणि कोणता कुठल्या जातीचा, पोरवयाचा की जाणता, हे पिसाऱ्यावरून सांगायचं असतं. यंदा सरांनी अट घातली. आपल्याकडे जामनेरच्या बाजूच्या एका धरणावर तीन पेलिकन आलेत. ते आधी ओळखून दाखवा, मग समुद्राचं बोला.

ही सरांची अट. आबांची वेगळी होती.

मी दचकते. म्हणजे सगळेच दचकतात, पण मी जरा सविस्तर दचकते. कुकरची शिटी, मिक्सर, पाल, पाल नसलेली भिंत, कशानंही माझी किंकाळी निघते. शेजारच्या सुगंधाबाई पूर्वी धावत यायच्या. आता त्या टीव्हीचा आवाज फक्त थोडा वाढवतात. मी घरात जामनगरचा विषय काढला आणि नेमकी त्याच क्षणी कुकरची शिटी झाली. मी किंचाळले. आबांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "ही समुद्रावर जाणार? तिथं तर लाटा असतात."

खूप रडारड झाल्यावर तडजोड निघाली. मी धरणावर एक दिवस काढायचा. दिवसभरात एकदाही किंचाळले नाही, तर जामनगर. किंचाळले, तर विषय बंद, पुढच्या वर्षीही काढायचा नाही. पंच आबा स्वतः. आबांचं पाणबुडी मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. मोटार नुसती सुरू केली की आवाजावरून कुठली तार जळाली ते सांगतात. त्यांच्या कानापुढे अपील नाही.

तर, धरण. पाणी बरंच उतरलं होतं, काठाला गाळाचं पांढुरकं मैदान पडलं होतं, आणि लांब उथळ पाण्यातल्या उंचवट्यावर तिघे बसले होते. तीन पेलिकन! छातीत इतकं धडधडलं की ते धडधडणं ऐकूनच मी दचकणार होते.

मी ताबा घेतला. सगळ्यांचे फोन मागून घेतले, एकेक करून सायलेंट केले, थरथरणंसुद्धा बंद केलं आणि चटईवर उलटे मांडून ठेवले. "कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. फोन उचलायचे नाहीत. आणि मी एकाच जागी खूप वेळ उभी दिसले तर हाका मारू नका. पक्षी बघणारे असेच उभे राहतात."

"आनि ठेचू कशी मी?" अक्का कुजबुजली.

"ठेचू नकोस. दाब."

"भरीत दाबतंस का कोनी!" अक्कानं कपाळावर हात मारला (तोही हळूच). "आज हाई बी दखनं नशिबात व्हतं."

मी पुस्तक उघडलं. पांढऱ्या पेलिकनमधे आपल्याकडे घोळ दोघांचा. गुलाबी पेलिकनचे पाय गुलाबी, डाल्मेशियनचे राखाडी; पण बसल्यामुळे पाय पोटाखाली होते. डाल्मेशियनच्या मानेमागे कुरळी पिसं असतात; पण तिघांनीही माना पाठीत खुपसल्या होत्या. त्यांना माझ्या जामनगरची काही पडलेली नव्हती. उरली एकच खूण. गुलाबीच्या पंखाखाली पांढरं आणि काळं अगदी ठसठशीत, डाल्मेशियनच्या पंखाखाली नुसतं मळकट राखाडी. सर नेहमी म्हणतात, बसलेल्या पेलिकनबद्दल बोलू नका, उडेपर्यंत थांबा.

मी थांबले. मागे काड्या पेटल्या, वांगी भाजायला लागली. एक वांगं टोचायचं राहिलं होतं. ते फटाक्यासारखं फुटलं. किंकाळी पार दातांपर्यंत आली. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळे मिटून उभी राहिले. डोळे उघडले तर आबा गुडघ्यावर हात ठेवून, क्रिकेटचा अंपायर वाकतो तसे, कान माझ्याकडे करून उभे होते.

"नॉट आउट," ते म्हणाले, आणि काहीशा नाराजीनं वांग्याकडे वळले.

त्यानंतर अक्काची शिंक झाली. पायावरून सरडा गेला. मागून येऊन एक म्हैस माझ्या कानात फुर्र करून गेली. ओढणी अर्धी ओली झाली, पण मी गप्प. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःबद्दल आदर वाटला, आणि तिथंच घात झाला. आदर वाटला की माणूस पुढे जातो.

मला वाटलं, जवळ जाऊन निदान माना तरी बघू. गाळाचं मैदान वरून छान वाळलेलं, भेगाळलेलं, पापडासारखं. मी चालत सुटले. पापड बराच वेळ टिकला. मग एकदम उजवा पाय गेला. तो काढायला डावा रोवला, तर तोही गेला. आणि मी गुडघ्यापर्यंत जामनेर तालुक्यात रुतले.

किंकाळी? नाही. ओढणी. (चिखल मऊ आणि गार होता, हे सांगायला हवं. बाकी त्याच्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं काही नाही.)

पेलिकन आता अगदी समोर होते, झोपलेले. ओरडले तर किंकाळी मोजली जाणार. म्हणून मी शहाण्या मुलीसारखा फोन काढला. रेंज फुल होती. आबांना लावला. वाजला, वाजला, बंद झाला. आईला लावला. अक्काला लावला, ती धरणगावात असतानाही उचलत नाही तरी लावला. लांब चटईवर तिन्ही फोन पालथे पडलेले दिसत होते, माझ्याच हातानं मांडलेले, एका ओळीत.

मी हात हलवले. दोन्ही हात, जोरजोरात. आईनं पाहिलं आणि कौतुकानं हात हलवला. मग अक्कानंही हलवला. आबांनी अंगठा दाखवला.

सरांना लावला, सर तासावर. चेलनाला लावला. ती माझी मैत्रीण, सराफ बाजारातल्या इंदरचंदजींची नात, जामनगरला माझ्यासोबतच येणार होती. तिचा मेसेज आला: "दुकानात गिऱ्हाईक आहे. पेलिकन कुठला निघाला?"

मी पाय ओढून पाहिला. पाय आला, बूट आला नाही. पाय परत गेला, आधीपेक्षा खोल. आणि तेवढ्यात पोटरीवरून काहीतरी चाललं. मासा असेल, खेकडा असेल. मला ते ओळखायचं नव्हतं. ते चालत वर निघालं होतं.

इथं मी एक निर्णय घेतला. भित्र्या माणसांचे निर्णय फार थोडे असतात, म्हणून हा नीट सांगते. ओरडावं तर लागणारच. मग घाबरून का ओरडायचं? ठरवून ओरडू. ओरडले की आबा येतील, जामनगर जाईल. पण ओरडले की पेलिकनही उडतील, आणि उडाले की पंख दिसतील. समुद्र गेला तर गेला, पेलिकन ओळखल्याशिवाय मी या चिखलातून निघणार नाही. (तशीही निघत नव्हतेच.)

मी ओढणी काढून गळ्यात टाकली. दुर्बीण डोळ्यांना लावली, नीट फोकस केली. छाती भरून श्वास घेतला. आणि ओरडले.

असा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. तो पाण्यावरून गेला, धरणाच्या भिंतीवर आपटला आणि पलीकडच्या काठावरून दामदुप्पट होऊन परत आला. तिन्ही पेलिकन एकदम उठले. पाण्यावर धपाधपा पाय मारत, भले मोठे पंख उघडत, माझ्या डोक्यावरून गेले. दुर्बीण हलू दिली नाही मी. काळं नाही. कुठंच काळं नाही. तिघांच्याही पंखाखाली सरळ, स्वच्छ, मळकट राखाडी!

डाल्मेशियन! मी एकटीनं, गुडघाभर गाळात उभं राहून ओळखले! पोटरीवरचं जे काही होतं तेसुद्धा घाबरून उतरून गेलं.

मग समुद्र आठवला. काठाकडे बघितलं, तर धावत कुणीच येत नव्हतं. आबा आकाशाकडे बोट दाखवून अक्काला काहीतरी समजावत होते. मी पुन्हा फोन लावला. पक्षीच उडाले म्हटल्यावर फोन न उचलायचा नियमही संपला होता. आबा मला फोन लावायलाच चटईकडे वाकले, तर स्क्रीनवर माझाच फोन.

"पाहिले का, हेमांगी? काय उडाले!"

"आबा, ते आत्ता जे ओरडलं..."

"तेच म्हणतो! कोण गं ती बाई पलीकडच्या काठावर? तुझी आई म्हणाली, आपली हेमांगी ओरडली. मी म्हटलं, शक्य नाही. पोरीची किंकाळी मी ओळखत नाही का? तुझी बारीक, थरथरती, सिंगल फेजची. ही थ्री फेज होती! जाड, सरळ. पन्नाशीच्या पुढची बाई असणार. आणि तू तर दुर्बीण लावून जागची हललीसुद्धा नाहीस!" आबांचा आवाज भरून आला. "जिंकलीस पोरी. जा तू समुद्रावर. मी शब्द दिला."

मी तोंड उघडलं. चिखल मांड्यांना लागत होता. मागून अक्का आता आबांना मोकळ्या गळ्यानं ओरडून सांगत होती, "बाई नही, दीपक! माले ते म्हैसच वाटनी!"

"हां, अक्का म्हणते म्हैस होती," आबा म्हणाले. "गाळात रुतली की त्या असंच ओरडतात. तुला दिसते का गं तिकडून कुठं? दोर आहे गाडीत. आणू का?"

मी एकदा आकाशाकडे पाहिलं. मग खाली, जिथं माझे पाय असायला हवे होते तिथं.

"दिसते आबा," मी म्हणाले. "म्हैसच आहे. या लवकर दोर घेऊन."