आपला आकडा आपण वाचायचा नाही

आमच्या काँक्रीटच्या प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्याचं स्वागत गुलाबाने होत नाही. जनादादा म्हात्रे त्याच्या हातात थापी देतात आणि म्हणतात, "चल, तुझा ठोकळा ओत."

दादा स्वतः विद्यार्थीच. पीएच.डी.चं आठवं वर्ष, आणि डोक्यावर केसही साधारण तेवढेच. नव्या माणसाने पहिल्याच दिवशी काँक्रीटचा ठोकळा ओतायचा, तो ओला असतानाच खिळ्याने त्यावर आपलं नाव कोरायचं आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीत सोडायचा, हा त्यांचा कायदा. अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळा मशीनखाली दाबून फोडायचा आणि त्याने किती भार सोसला ते बघायचं. तोवर ग्रुप सोडून जायची भाषा बंद. मशीन ज्याचं त्याने चालवायचं, पण डायल दुसऱ्याने वाचायचा. "आपला आकडा आपण वाचायचा नाय. आपल्याला तो कमीच दिसतो."

दिवा गावातल्या दादांच्या घरी नळाला दिवसाआड पाणी. पण टाकीचं पाणी ते दर सोमवारी बदलणार, आणि एकेका ठोकळ्याला नावाने हाक मारून पुसणार. "अगं सुलभा, कड उडाली ना तुझी!" बाहेरून आलेले एक परीक्षक हे ऐकून दारातूनच परत फिरले होते.

मी बाराव्या दिवशीच पीएच.डी. सोडायचा अर्ज लिहिला. ग्रुप मीटिंगमध्ये आमच्या गाईड सरांनी माझा आलेख सगळ्यांसमोर धरून विचारलं होतं, "ही रांगोळी कुणी काढली?" घोडबंदर रोडवर एका कंपनीत नोकरी तयार होती, एसीसकट. अर्ज घेऊन निघाले, तर दादा दारात आडवे.

"बारा दिवसांचा ठोकळा तो! त्याला आताच काय ताकद विचारतेस? आनि रांगोळी तर रांगोळी. मला सर 'पोहे' बोललेले."

"कशाला?"

"सहा महिन्यांच्या कामाला."

हसायचं नव्हतं, पण फस्सकन हसले. आणि थांबले.

अठ्ठाविसाव्या दिवशी सगळा ग्रुप मशीनभोवती जमला. मी भार वाढवत होते आणि दादा डायलला नाक लावून ओरडत होते, "पाचशे! सहाशे! अगं, ही काय ऐकत नाय आज!" ठोकळा धाडकन फुटला तेव्हा दादा हळदीत नाचावं तसे नाचले. अर्ज मात्र अजून पर्समध्येच होता.

वडापाव झाल्यावर टाकी आवरताना कोपऱ्यात एक जुना ठोकळा सापडला. पुसून पुसून कडा गोल झालेल्या. नाव जेमतेम लागलं: जना.

"दादा, हा फोडला नाहीत?"

त्यांनी ठोकळा माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाले, "मी आलो तवा ग्रुपमध्ये एकटाच व्हतो. वर्षभर. डायल वाचायला कोन?"

"पण नंतर आले की सगळे."

"आले, गेले. कुनाला बोलू, माझा वाच म्हनून?"

"चला, मी वाचते," म्हणत मी डायलसमोर जाऊन उभी राहिले.

दादांनी ओला ठोकळा पोटाशी धरला. शर्ट भिजला तरी सोडेनात.

"आज नको. उद्या फोडू. उद्या येशील ना?"

"येईन," म्हटलं.

याला दोन वर्षं झाली. दर सोमवारी टाकी धुताना मी विचारते, दादा "उद्या" म्हणतात, आणि मी उद्या येते.