दाजींची काळजी

"मास्तरानु, माजा ऐका, आज नको."

मिठबावात पाऊल टाकल्यावर दाजींच्या तोंडून ऐकलेले हे पहिले वाक्य. मी फक्त समुद्रावर पाय मोकळे करून येतो म्हणालो होतो.

साठ सालच्या आसपास आम्ही नवराबायको दर मे महिन्यात कोल्हापूरहून पंधरा दिवस तिथे जाऊन राहत असू. किनाऱ्याजवळचे ते कौलारू घर मुंबईच्या एका गृहस्थांचे, आणि त्याची राखण दाजींकडे. पाहुण्यांना गाव हिंडवून आणणे हेही त्यांचेच काम. ते दाजी जिवावर आल्यासारखे करीत. सड्यावरच्या कातळात फुरशी निघतात. आमराईत डोक्यात आंबा पडतो. देवळाच्या पायऱ्या भर उन्हाळ्यातही निसरड्या. एवढ्यावरही निघालोच, तर काठी आपटत पुढे चालत आणि दर दहा पावलांनी वळून आम्ही दोघे शाबूत आहोत ना ते पाहत. किनाऱ्याने जायचे तर बोटांच्या पेरांवर तिथी मोजून भरतीची वेळ काढीत, मग विश्वास न बसून पुन्हा मोजीत. त्यांच्या संगतीत मलाही झोपेत फुरशी दिसू लागली होती.

एका वर्षी मुक्काम संपत आला तरी कुणकेश्वराचे देऊळ पाहून झाले नव्हते. "आज अवस. उधाण आसा," दाजी म्हणाले. माझे डोके फिरले. दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार होतो. बायकोला सांगून मी पहाटेच एकटा वाळूतून चालत सुटलो. वाटेतल्या खाडीच्या तोंडाशी पाणी घोट्याएवढे होते, तेव्हा दाजींना मनातल्या मनात हसलोही.

देवदर्शन करून साडेदहाला परतलो, तर त्याच जागी पाणी छातीच्या वर आणि ओढ अशी, की पाय टाकायची छाती होईना. मला पोहता येत नाही. पलीकडच्या काठावर छत्री धरून दाजी उभे होते.

"थंयच बसा! पाण्यात उतरू नकात! मी सकाळधरना हयच आसंय!"

मी सुरूच्या सावलीत बसलो. "ती फांदी जून आसा, जरा कुशीक सरा," पलीकडून हाक आली. मी सरलो.

दोन वाजेपर्यंत आम्ही समोरासमोर बसून ओरडून बोलत होतो. त्यांची बायको जाऊन बारा वर्षे झाली, मूलबाळ नाही, घर बंद असले तरी रोज झाडतो, हे सगळे मला पाण्यापलीकडून कळले. पाणी उतरले तसे तेच गुडघाभर पाण्यात आले आणि माझे मनगट धरून मला घेऊन गेले. मला फार शरम वाटली.

"दाजी, उद्या आम्ही जातो. सुटलात एकदाचे काळजीतून," मी म्हटले.

ते हसले नाहीत. "आता पुढल्या मे म्हयन्यापर्यंत मी काळजी कोणाची करू?"

कोल्हापूरला पोचल्याबरोबर मी त्यांना कार्ड टाकले. प्रवास सुखाचा झाला, फक्त मला जरा खोकला झाला आहे, असे लिहिले. माझी प्रकृती ठणठणीत होती.

आठवड्याच्या आत उत्तर आले. आडुळशाचा काढा दोन वेळा घ्यावा, अंगावर काढू नये, आणि कोल्हापुरात रंकाळा म्हणून मोठे तळे आहे असे ऐकतो, त्या बाजूला तूर्त फिरकू नये.

पुढे दर महिन्याला मी काहीतरी दुखणे कळवीत राहिलो.