थोर पुरुष उतरले ते स्टेशन

गावाबाहेरचं रेल्वे स्टेशन बंद पडून बरीच वर्षं झाली होती. त्याला इतिहास नाही, ही गंभीर बाब अखेर वारसा विभागाच्या लक्षात आली आणि तो तातडीने पुरवण्यासाठी एका निवृत्त प्राध्यापकांची नेमणूक झाली.

प्राध्यापक पाहणीला गेले तेव्हा तिकीटघरात स्टोव्ह पेटलेला होता. शेवटच्या स्टेशनमास्तरांची विधवा तिथेच राहत होती. तिने त्यांना बसायला सतरंजी दिली, चहा दिला.

"बाई, इथे कोणी थोर माणूस उतरला होता का हो?"

"उतरायला गाडी थांबायला नको? ड्रायव्हरला लहर आली तर थांबायची. एकदा मी कळा देत फलाटावर ताटकळले, गाडी सरळ निघून गेली. माझी थोरली इथेच जन्मली. घडलं म्हणाल तर एवढंच."

प्राध्यापकांनी ते जसंच्या तसं लिहून नेलं. विभागाच्या संचालकांनी वाचलं आणि नाक मुरडलं.

"सर, बाळंतपण म्हणजे काय इतिहास? कोणालातरी उतरवा."

"कोणाला उतरवू?"

"नुसतं 'थोर पुरुष' म्हणा. नाव घेतलं की भांडणं लागतात."

प्राध्यापकांचा डोळा विभागाच्या सल्लागारपदावर होता. त्यांनी जड मनाने थोर पुरुषांना फलाटावर उतरवलं आणि लेखणी एकदा सैल सुटल्यावर तिकीटघरात घटकाभर विश्रांतीही घ्यायला लावली. तिथेच घोळ झाला. थोर पुरुषांच्या विश्रांतिस्थानी स्टोव्ह पेटवणं हा वारशाचा अवमान ठरला. बाईंचं सामान बाहेर आलं.

"भाऊ, ते आले तेव्हा मी कुठे होते?" तिने प्राध्यापकांना गाठून विचारलं.

"तेव्हा खोली रिकामी होती, बाई. म्हणजे... तशी नोंद आहे."

"माझा चहा पिऊन नोंद केलीत?"

प्राध्यापक शरमेने लाल झाले आणि तसेच लाल चेहऱ्याने उद्घाटनाची फीत कापायला गेले.

पुढे पर्यटकांसाठी स्टेशनात 'मास्तरांची पत्नी' उभी करायचं ठरलं. बाईंनी अर्ज केला. निवड समितीवर संचालक होते, नवे सल्लागार म्हणून प्राध्यापकही होते.

"अस्सल वाटत नाही," संचालक म्हणाले. "मास्तरांची बायको कशी मास्तरांच्या बायकोसारखी दिसायला हवी!"

प्राध्यापकांनी खाली मान घालून सही केली. शहरातून एक नटी आली.

आता तिथे तोबा गर्दी असते. तुम्हीही जाऊन आलात. नटीच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढलात. मागे फाटकापाशी एक म्हातारी मध्येच येत होती, तेवढी कापलीत आणि फोटो सगळ्यांना पाठवलात.

फोटो झकास आलाय.