मागल्या सीटखालील चिवचिव्या यंत्राची मोहीम

श्री. तमाम वाचणारे, ऐकणारे, ऐकता ऐकता पेंगणारे आणि पेंगणाऱ्यास कोपर मारून उठवणारे, या सर्वांस कळावे जे, लढाया बहुत जाहल्या, किल्ले पडले, तख्ते उलथली, आणि त्यांच्या हकीकती लिहिणारेही बहुत जाहले. परंतु एका पांढऱ्या जुन्या मोटारीच्या मागल्या सीटखाली जे अज्ञात यंत्र प्रगट जाहले, आणि त्याने सकाळी एका सज्जन पुरुषाची इभ्रत धुळीस मिळवून संध्याकाळच्या आत तीच इभ्रत झटकून, पुसून परत हाती दिली, ती मोहीम कोणी लिहिली नाही. सबब ती येथे लिहिली असे. जे घडले तेच लिहिले. जेथे हसू अनावर जाहले तेथे हात थांबवला, डोळे पुसले आणि मग पुढे लिहिले.

तरी ऐकावे. खरेदीधुरंधर, घासाघीसबहाद्दर, दुकानदारांचे कर्दनकाळ श्रीमंत मामासाहेब हे या मोहिमेचे नायक. यांचा पराक्रम काय वर्णावा? यांनी अर्ध्या किमतीत कूलर आणला, तो गरम वारा फेकू लागला. यांनी मोठ्या मसलतीने सोफा जिंकला, तो दारातून आत येईना, मग तो जिन्यातच कायमचा मुक्काम करून राहिला आणि वर जाणारे त्यावर बसून दम खाऊ लागले. यांनी कपडे धुण्याचे मशीन आणले, ते धुता धुता चालत दारापर्यंत जाई आणि बेल वाजण्याआधीच पाहुण्यांस सामोरे उभे राही. तरी मामासाहेब खचले नाहीत. कारण त्यांस पैका नको, हारतुरे नकोत. घरातले कोणी "जरा तू बघून सांग ना" इतके म्हणाले की त्यांची छाती फुगे आणि त्या खुशीत ते कित्येक दिवस जमिनीवरून चार बोटे वर चालत. विचारले जाणे, हीच त्यांची जहागीर.

आता या जहागिरीखाली एक गुप्त भुयार होते, तेही सांगणे प्राप्त आहे. मामासाहेबांच्या वरच्या दातांची फौज एकामागून एक रण सोडून पळाली, तेव्हा त्यांनी कोणास न कळवता दंतवैद्यावर स्वारी केली आणि कवळी बसवली. परंतु तेथेही स्वभाव सुटेना. शेवटच्या फिटिंगची खेप गाळून त्यांनी वैद्यास बिलात मात दिली आणि विजयी मुद्रेने बाहेर पडले. मग काय होणार? कवळी किंचित सैल राहिली, आणि बोलताना जीभ दातांस घसटली की तीतून एक बारीक शीळ निघू लागली. हे फक्त मामीसाहेबांस ठाऊक. बाकी मंडळी म्हणत, मामा हल्ली साहेबी बोलतो. आणि दातांची चकाकी मामासाहेबांनी एका नव्या टूथपेस्टच्या नावे खपवली होती.

ऐसे असता, गणिताच्या निवृत्त बाई, ज्यांच्या नजरेस नजर देता मोठमोठे लोक केलेले आणि न केलेले गुन्हे कबूल करीत, त्या मामासाहेबांच्या थोरल्या भगिनी अक्कासाहेब यांच्या मनात मोटार घेण्याचे आले. तेव्हा फर्मान सुटले ते असे: "हे शेवटचं हं, भावड्या. हेही फसलं तर यापुढे साधा बल्ब आणायचा तरी तुला विचारणार नाही."

मामासाहेबांनी विडा उचलला, बाजार धुंडाळला, पांढरी गाडी हेरली, आणि विकणाऱ्यास बोलून बोलून ऐसा घायाळ केला की त्याने किंमतही उतरवली आणि पसंत न पडल्यास उद्या संध्याकाळपर्यंत परत घेण्याचेही मान्य केले. फक्त किल्ली एकच मिळाली. दुसरी गाडीतच कुठेतरी पडली आहे, असा त्याने शब्द दिला, आणि मामासाहेबांनी तोच शब्द अक्कासाहेबांस दिला.

दुसरे दिवशी सकाळी खासा स्वारी निघाली. सुकाणूवर अक्कासाहेबांचे चिरंजीव भाचेराव, शेजारी मामासाहेब, मागे अक्कासाहेब आणि मामीसाहेब, ऐसा सरंजाम. निघण्याआधी अक्कासाहेबांनी घरचे जुने फर्मान गाडीसही लागू केले: शिट्टी कोणी वाजवायची नाही. सबंध नोकरीत मागल्या बाकांनी त्यांस शिट्टीनेच छळले होते, तो राग अद्याप ताजा होता.

पहिल्याच वळणावर अक्कासाहेबांचे चष्म्याचे घर सीटच्या फटीत गेले. त्यांनी हात घातला आणि बाहेर काढले ते दुसरेच काही: काळे, चपटे, काडेपेटीएवढे, एका अंगास बारीक भोके, दुसऱ्या अंगास तुटका कान, आणि मधोमध एक लाल डोळा. बटण नाही, नाव नाही, गाव नाही.

"हे काय रे, भावड्या?"

मामासाहेब वळले आणि हसत म्हणाले, "असेल काहीतरी साधंसं. सोन्यासारखी गाडी आहे, अक्का, संशय कसला घेतेस!"

चीं चीं चीं चीं!

यंत्र किंचाळले, लाल डोळा लुकलुकला, मामीसाहेब दाराला चिकटल्या आणि भाचेराव गाडी कडेला घेऊन ब्रेकवर उभेच राहिले.

"फेक, आई, फेक ते!"

"फेकू कशाला? परत देताना मोजून घेतील," अक्कासाहेब म्हणाल्या, आणि यंत्र त्यांनी कॉपी करताना पकडलेल्या चिठ्ठीसारखे दोन बोटांत धरले.

मग भर रस्त्याच्या कडेला दरबार भरला. भाचेराव म्हणाले, हा ट्रॅकर असणार, कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे. मामासाहेब उसळले.

"पाळत? आपल्यावर? आपण भाजी आणायला चाललोय! विकणारा सरळ, साधा, सज्जन माणूस होता."

चीं चीं चीं!

"आणि दुसरी किल्लीसुद्धा याच गाडीत सापडेल, शंभर टक्के सांगतो!"

चीं चीं चीं चीं चीं!

मग इंजिनसुद्धा दबकून चालू लागले. भाचेरावांनी आवाज खाली आणला.

"मामा, राग मानू नकोस. पण हे तुझं खोटं पकडतंय."

"हॅट!" मामासाहेब म्हणाले, आणि यंत्र गप्प राहिले.

"बघ, 'हॅट' खरं होतं," भाचेराव म्हणाले.

अक्कासाहेब शास्त्रशुद्ध बाई. त्यांनी पडताळा घेण्याचे ठरवले. त्या यंत्राकडे रोखून पाहत म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षांची आहे." यंत्राने चूं केले नाही. भाचेरावांनी तोंड उघडले आणि आईचा चेहरा पाहून मिटले. यंत्रासही आईचा धाक आहे, इतकाच अर्थ त्यांनी मनात काढला. मग ते मामांकडे वळले.

"मामा, हे दात एवढे कशाने चमकतात रे?"

"टूथपेस्टने!"

चीं चीं!

मामीसाहेब खिडकीबाहेरचा एक दिव्याचा खांब अतिशय मन लावून पाहू लागल्या.

तेव्हा तज्ज्ञाची कुमक मागवावी ऐसे ठरले, आणि फौज वाटेतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावर चालून गेली. दुकानदाराने डोळ्यास भिंग लावले, यंत्र उलटे केले, सुलटे केले, कानाशी हलवले, नाकाशी नेले.

"सेन्सर आहे."

"कशाचा?" अक्कासाहेबांनी विचारले.

"ते त्यालाच माहीत. उघडू का?"

"उघडलं तर कळेल?"

"कळेल असं नाही. पण उघडलेलं असेल."

अक्कासाहेबांनी यंत्र त्याच्या हातून काढून घेतले आणि फौज माघारी फिरली. मामासाहेब आता बोलेनात. ते बोलेनात तसे यंत्रही बोलेना, आणि हा पुरावा सर्वांत पक्का धरला गेला.

गाडीत बसताच अक्कासाहेबांचा निकाल लागला. "गाडी परत. आत्ताच." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, जणू वही तपासून संपली: "मी तुला लबाड म्हणत नाही रे, भावड्या. पण आता तुला विचारवणार नाही मला."

हा घाव तोफेच्या गोळ्याहून भारी बसला. मामासाहेब पुढच्या काचेकडे पाहत राहिले. कूलर आठवला, सोफा आठवला, आणि बल्ब आठवला, जो आता दुसराच कोणी आणणार होता.

याप्रमाणे सैन्य शोकाकुल कूच करीत चौकात आले, तो भाचेरावांनी गाडी पांढऱ्या पट्ट्यावर नेली आणि मधोमध उभ्या ट्रॅफिक हवालदाराने गाल फुगवून शिट्टी फुंकली.

चीं चीं चीं चीं चीं चीं!

"अगं बाई!" मामीसाहेब ओरडल्या.

"हवालदार खोटं बोलला?" भाचेराव चक्रावून म्हणाले.

"तो बोललाच कुठे? त्याने नुसती शिट्टी वाजवली," अक्कासाहेब म्हणाल्या.

"म्हणजे शिट्टीतून खोटं बोलला!"

मायलेकरांचा हा वाद रंगला, मागच्या गाड्यांनी हॉर्नचा मारा केला, हवालदाराने आणखी दोनदा फुंकले आणि यंत्राने दोन्ही वेळा मुजरा केला. परंतु मामासाहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी जिभेने कवळी चाचपली. यंत्रास खऱ्याखोट्याचे काही नव्हते. यंत्रास शीळ कळत होती. आणि शीळ कोठून येते हे सांगायचे, तर भुयाराचे दार सर्वांदेखत उघडणे आले. शब्द वाचवावा तर दात जातात, दात वाचवावे तर शब्द जातो. ऐसा पेच!

आरशात मामीसाहेबांनी त्यांचा चेहरा पाहिला आणि त्यांस सारे समजले. त्या पुढे वाकून कानाशी पुटपुटल्या, "राहू दे हो. गाडी देऊन टाकू. कुणाला कळायचं कारण नाही."

मामासाहेबांनी थोडा वेळ तेही मनात तोलून पाहिले. मग म्हणाले, "गाडी बाजूला घे."

चौकापलीकडे गाडी थांबली. मामासाहेब मागे वळले, मान ताठ केली, आणि ज्या निर्धाराने सेनापती म्यानातून तलवार काढतो त्या निर्धाराने त्यांनी तोंडातून कवळी काढली, रुमालावर ठेवली आणि तो रुमाल दोन्ही हातांनी सर्वांपुढे धरला. त्यांचे तोंड एकदम वीस वर्षांनी म्हातारे आणि साठ वर्षांनी लहान, दोन्ही दिसू लागले.

"होन्याहारखी गाडी आहे, अक्का."

यंत्र गप्प.

"विकणारा हरळ, हाधा, हज्जन माणूह होता."

यंत्र गप्प. मग त्यांनी कवळी परत बसवली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटले, आणि यंत्राने चिवचिवाट करून गाडी दणाणून सोडली.

भाचेरावांचे डोळे मोठे जाहले. ते आईकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "आई, एकच शिट्टी. परवानगी दे."

अक्कासाहेबांनी क्षणभर सगळे मागले बाक आठवले. "वाजव. पण एकदाच."

भाचेरावांनी फुंकले. चीं चीं चीं!

"कीचेन!" ते टाळी पिटून ओरडले. "अगं, किल्ली शोधायचं यंत्र आहे हे! किल्लीला लावायचं, हरवली की शिट्टी मारायची, मग ते ओरडतं! हा तुटका कान बघ, इथेच कडी असणार!"

"मग कडी तुटली तेव्हा किल्ली कुठे गेली?" मामीसाहेबांनी विचारले.

चौघेही खाली उतरले, मागली सीट उचलून धरली आणि फटीवर चोहोबाजूंनी हल्ला चढवला. तेथे एक पेनाचे टोपण, एक वाळके संत्र्याचे बी, एकच लहान मोजा आणि चष्म्याचे घर, इतके कैदी हाती आले. आणि शेवटी मामासाहेबांचा हात खांद्यापर्यंत आत गेला व बाहेर आला तो दुसरी किल्ली घेऊनच. तिच्या भोकात तुटकी कडी अजून लोंबत होती.

अक्कासाहेबांनी किल्ली घेतली, दारास लावली, फिरवली. दार उघडले. मग त्या रुमालाकडे पाहू लागल्या, मग भावाच्या तोंडाकडे, आणि मग त्यांस ऐसे हसू फुटले की त्या गाडीच्या टपावर डोके टेकून हसू लागल्या, चष्म्यावर वाफ धरली, हवालदार चौकातून पाहू लागला.

"अरे वेड्या, एवढ्यासाठी लपवलंस? माझेही वरचे सगळे खोटेच आहेत! किती वर्षं झाली!"

"मग तुझ्या वेळी हे का नाही ओरडलं?" मामासाहेब थक्क होऊन म्हणाले.

"माझी नीट बसते. मी डॉक्टरशी घासाघीस नाही केली!"

यावर मामीसाहेब फुटपाथवरच बसल्या. भाचेराव हसता हसता उघड्या दारातून हॉर्नवर पडले. मामासाहेबांनी रागावण्याचा एक प्रयत्न केला, तो फसला, आणि मग तेही ऐसे हसले की कवळी दोनदा सुटली आणि दोनदा झेलली.

गाडी परत गेली नाही. भाजी घेऊन फौज मामासाहेबांच्या घरी आली. दारात उतरताना अक्कासाहेब पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आमचा फ्रिज फार आवाज करतो रे. जरा तू बघून सांग ना, कोणता घ्यावा. पण आधी ते दात बसवून ये, पूर्ण पैसे देऊन."

"सोमवारीच जातो, अक्का! सकाळी सकाळी जातो!"

चीं चीं चीं चीं!

कोणी वळूनही पाहिले नाही. मामासाहेब मात्र जिना चढले ते जमिनीवरून चार बोटे वर, आणि सोफ्यावर दम खाण्यासही थांबले नाहीत.

येणेप्रमाणे यंत्राची ओळख पटली, शब्द खरा ठरला, किल्ल्या दोन जाहल्या, आणि मोहीम फत्ते होऊन येथे नोंदली गेली. दात सोमवारी नीट बसले, शीळ गेली. जिंकलेले यंत्र मामीसाहेबांनी कवळीच्या डबीस बांधले, कारण डबी कोठे ठेवली हे मामासाहेब रोज विसरतात. आता डबी हरवली की शिट्टी मारावी लागते, आणि दातांवाचून मामासाहेबांच्या तोंडून नुसती फूं निघते. म्हणून रोज सकाळी मामीसाहेब स्वयंपाकघरातून दोन बोटे तोंडात घालून ऐसी शिट्टी मारतात की खालच्या मजल्यावरची कुत्री उठून उभी राहतात, आणि घरातल्या कोणत्यातरी अशक्य जागेवरून दात हजेरी देतात. ही विद्या त्या कोठे शिकल्या, हे विचारण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले नाही. अक्कासाहेबांस हे कळवलेले नाही. शहाण्याने कळवूही नये.