पस्तीस एमएलची लेन्स

आमच्या लाखनीत एक गृहस्थ अख्खा पावसाळा गळ्यात कॅमेरा अडकवून फिरले, आणि त्या कॅमेऱ्याला लेन्सच नव्हती. लेन्सच्या जागी काळं झाकण. बाजारात, बँकेत, अगदी तेरवीच्या जेवणालाही कॅमेरा छातीवर. काही आवडलं की ते थांबायचे, कॅमेरा डोळ्याला लावायचे, आतला मिट्ट अंधार मन लावून पाहायचे आणि "फोटो मस्त आला असता जी," असं म्हणून समाधानाने पुढे निघायचे.

या गृहस्थांचं नाव दयाराम निंबार्ते. हायवेला लागून त्यांचं कृषी केंद्र आणि त्याला लागून माझा फोटो स्टुडिओ. मधली भिंत इतकी पातळ आहे की त्यांच्याकडच्या औषधांचा वास माझ्याकडे फोटो काढायला आलेल्या नवरदेवांच्या कपड्यांना लागतो. मी त्यांना काकाजी म्हणतो.

काकाजींचं आयुष्य धानाच्या रोगांवर औषध देण्यात गेलं. शेतकरी पिवळं पडलेलं पान घेऊन येतो, काकाजी ते उजेडात धरतात आणि म्हणतात, "लक्षण सांग." लक्षण कळलं की बाटली काढतात आणि फवारणीच्या पंपाला किती एमएल टाकायचं ते सांगतात. झालं. जगातल्या यच्चयावत दुखण्यांना त्यांनी हीच रीत लावून ठेवली आहे. माझा पंखा कुरकुरतो म्हटलं, तर "लक्षण सांग." मुलीचं गणित कच्चं आहे म्हटलं, तर "लक्षण सांग." एकदा काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी कौसल्याबाई, "मले कंटाळा आला" असं म्हणाल्या. काकाजींनी त्यांनाही लक्षण विचारलं. त्यानंतर दोन दिवस काकू त्यांच्याशी बोलल्याच नाहीत, आणि ते लक्षण मात्र काकाजींना कोणी न सांगता कळलं.

आता असा माणूस कॅमेऱ्याच्या नादी लागलाच कसा? त्याचं कारण एक शब्द. काकाजी काही कामाने नागपूरला गेले होते. तिथे एका दुकानात सहज डोकावले, तर विक्रेता म्हणाला, "काका, हा घ्या, क्रॉप सेन्सर आहे." काकाजींचे कान टवकारले. त्यांच्या दुकानातल्या दर दुसऱ्या बाटलीवर क्रॉप लिहिलेलं असतं. क्रॉप म्हणजे पीक. सेन्सर म्हणजे ओळखणारा. पिकाचा रोग ओळखणारं यंत्र निघालं आणि आपल्याला पत्ताच नाही! त्यांनी तिथल्या तिथे घ्यायचं ठरवलं. विक्रेत्याने विचारलं, "सोबत लेन्स कोणती देऊ? रोजच्या वापराला एखादी लागेलच." इथे काकाजी सावध झाले. खताच्या बॅगेसोबत टॉनिकची बाटली गळ्यात मारायची 'लिंकिंग'ची पद्धत त्यांच्या धंद्यात जुनी आहे. कंपनीवाले काकाजींच्या गळ्यात मारतात, काकाजी शेतकऱ्यांच्या. असला डाव ते बरोबर ओळखतात. "लिंकिंग नोको करू," असं त्यांनी विक्रेत्याला बजावलं आणि नुसता कॅमेरा घेऊन विजयी मुद्रेने लाखनीला परतले.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्यांनी कॅमेरा ठेवला आणि त्याच्यापुढे करपा पडलेलं धानाचं पान ठेवलं.

"अरुण, याचा सेन्सर चालू कर. पाहू काय सांगते."

मी दम धरून समजावलं. क्रॉप म्हणजे इथे पीक नाही, कापलेलं. मोठ्या कॅमेऱ्याला जेवढं दिसतं, त्याच्या कडा याच्यात कापल्या जातात, एवढाच अर्थ. काकाजी पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "कापनी तं पिकाचीच असते ना जी? म्हणजे मी अगदीच चुकलो नाई."

"परत करून या," मी म्हणालो.

"कायले परत करू? दिसते तं चांगला."

आणि तो त्यांनी गळ्यात अडकवला. पावसाळा असाच गेला.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी, पोळ्यानंतर, काकू अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. भंडाऱ्याला ऑपरेशन झालं, नीट झालं, काकू वॉकर धरून घरातल्या घरात चालू लागल्या. पण डॉक्टरांनी सांगितलं, लांबचं चालणं बंद. आणि काकूंचं तर एकच लांबचं चालणं होतं. लग्न होऊन आल्यापासून रोज संध्याकाळी दोघं तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, फेरा मारायला जात. दिवसभर चूल, पाहुणे, दुकानाचा चहा. घराबाहेरचं जग म्हणजे काकूंना तेवढाच तो फेरा. तो गेला आणि त्या मलूल झाल्या. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी.

काकाजी माझ्याकडे आले. लेन्सच्या जागचं काळं झाकण त्यांनी पहिल्यांदाच स्वतःहून काढलं होतं.

"अरुण, तिचा फेरा बुडू द्याचा नाई. मी जातो, फोटो काढतो अन् घरी आणतो. पन एकच लेन्स पाहिजे, रोजच्या फिरन्याची. तिले फिरताना जेवढं दिसत होतं तेवढंच दिसलं पाहिजे. एक एमएल कमी नाई, एक जास्त नाई."

"एमएल नाही काकाजी, एमएम."

"तेच ते," काकाजी म्हणाले.

मी माझी पेटी उघडली. लेन्सवरचे आकडे वाचून ते हरखलेच. अठरा ते पंचावन्न, पंचावन्न ते अडीचशे, दहा ते बावीस! "एवढे डोस?" म्हणाले. आधी रुंद दिसणारी घेतली. मंडपातले सगळे पाहुणे, रुसलेला मामा धरून, एका फोटोत बसवायला मी ती ठेवली आहे. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन मी फोटो टीव्हीवर लावले. काकूंनी एक पाहिला, दुसरा पाहिला.

"हा कोनता तलाव होय जी? गोसेखुर्दचं धरन होय का?"

"आपलाच होय," काकाजी म्हणाले.

"आपला एवढा मोठा कधीचा झाला?"

दुसऱ्या दिवशी लांबचं जवळ आणणारी लेन्स नेली. तलावात डोंग्यातून जाळं टाकणारा सुखदेव नावाचा मासेमार आहे. काकाजींनी पाळीवरून त्याचे फोटो काढले. टीव्हीभर सुखदेव. काकूंनी पदर तोंडाला लावला.

"अवो, याच्या कानातले केस दिसून राहिले! मी कधी परक्या मानसाले इतकं न्याहाळलं का?"

मग कॅमेऱ्यासोबत सहसा मिळते ती साधी अठरा-पंचावन्न. ती काकाजींना फार आवडली, कारण तिला फिरवायची रिंग होती आणि फवारणीच्या नोझलशी त्यांचा जन्माचा परिचय. पाळीवर एक मोहाचं झाड आहे. काकाजींनी रिंग फिरवत फिरवत अठरापासून पंचावन्नपर्यंत प्रत्येक डोसाला त्या झाडाचा फोटो घेतला. टीव्हीवर झाड येऊ लागलं. लहान झाड, जरा मोठं झाड, आणखी मोठं झाड. काकूंना जांभई आली.

"झाडापाशी किती येळ उभे होते?"

"जागचा हाललो नाई," काकाजी अभिमानाने म्हणाले.

"तेच तं म्हनून राहिली मी. फेरा माराले गेले होते का झाड राखाले?"

हे मात्र काकाजींना पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते माझ्याकडे. "फिरायच्या लेन्सनं मानूस फिरला पाहिजे जी. रिंगच नोको."

मग मी पस्तीसची काढली. तिला झूम नाही, दिखावा नाही. पण काकाजींच्या त्या कापलेल्या सेन्सरवर ती साधारण माणसाच्या नजरेला वाटतं तेवढंच जग दाखवते. जवळचं हवं तर जवळ चालत जायचं, जास्त दिसायला हवं तर मागे सरकायचं. काकाजींनी ती हातात तोलून पाहिली. "याचं लक्षण चांगलं हाय," म्हणाले.

त्या संध्याकाळचे फोटो पाहून काकू पहिल्यांदा खुर्चीत सावरून बसल्या. पाळ आपली आहे म्हणाल्या. पाणी आपलं आहे, शिंगाड्याचे वेल आपले आहेत, मोहाचं झाड जिथे असायला पाहिजे तिथेच आहे. काकाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आणि मग काकू म्हणाल्या, "पन कायतरी कमी हाय."

"लक्षण सांग!"

"तेच तं समजून नाई राहिलं."

पुढचे कितीतरी दिवस काकाजींनी माझं डोकं खाल्लं. छत्तीसची मिळते का? तेहतीसची? पस्तीसमध्ये थोडी अठ्ठावीस मिसळता येते का? दोन औषधं एका पंपात चालतात, मग दोन लेन्सा का चालू नयेत? एकीकडे नवरीकडच्या मंडळींशी अल्बमवरून माझा वाद चाललेला, आणि दुसरीकडे काकाजी काउंटरवर कोपर टेकून, "अरुण, कमी काय पडून राहिलं असन जी?" मला हसू यायचं, पण त्यांना झोप लागत नसावी असं डोळ्यांवरून दिसायचं. काकूंचं जेवण वाढलं नव्हतं. संध्याकाळी टीव्हीसमोर त्या बसायच्या खऱ्या, पण सगळे फोटो संपले की पुन्हा गप्प.

शेवटी एका संध्याकाळी मीच पुन्हा त्यांच्याकडे गेलो. टीव्हीला कॅमेरा जोडला आणि एकेक फोटो पुढे सरकवू लागलो. तलावाकडे वळणारी वाट. पाळ. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला कापणीला आलेलं धान. मोह. पुन्हा पाळ. काकू पुढे वाकून पाहत होत्या.

"हे कुठी हायेत?" त्या एकदम म्हणाल्या.

"कोण काकू?"

"हे. तुझे काकाजी."

"अहो, फोटो तेच काढून राहिले होते. ते फोटोत कसे येतील?"

"मंग मी इतके वर्सं काय पाहून राहिली होती?" काकू मलाच म्हणाल्या. "तलाव? अरे बापा, पाळ हाय एवढीशी. दोन मानसं संग चालू नाई शकत. पुढं हे, मांगं मी. मले तं यांची पाठ दिसे. पाठीच्या इकडून थोडं पानी, तिकडून थोडं धान. नुसता तलाव मी कधी पाहलाच नाई."

काकाजी दाराशी उभे होते. त्यांनी लक्षण विचारलं नाही. चष्मा काढून सदऱ्याला पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. काकाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कॅमेरा माझ्या हातात, लेन्स पस्तीसची, आणि ते पुढे. आता तुम्हीच सांगा, ज्याला आपल्या पाठीचा फोटो निघणार हे माहीत आहे तो माणूस सरळ चालेल का? काकाजी मिरवणुकीत निघाल्यासारखे चालू लागले. "हात कुठी ठेवू जी?" "पाठ बरोबर दिसून राहिली ना?" मी म्हटलं, "काकाजी, मी नाहीच असं समजा." मग हळूहळू पाय मोकळे झाले. वारा पाण्यावरून येत होता, सुखदेव दूर डोंग्यात होता. मी फोटो काढत होतो.

तेवढ्यात त्यांनी मान वळवून मागे पाहिलं.

"मागे पाहू नका, फोटो बिघडतो."

"नाई पाहत," म्हणाले. थोडं चालले आणि पुन्हा मान वळली. मी पुन्हा टोकलं. पुन्हा वळली. मोहापर्यंत हाच प्रकार चालला. शेवटी मी नाद सोडला आणि ते वळले तेव्हाच बटण दाबलं.

घरी काकूंनी फोटो पाहिले. पाठ, पाणी, धान. "हं," म्हणाल्या, "हीच. खांदा असाच झुकते यांचा डावीकडं." त्या हसल्या. काकाजीही हसले. मग तो मान वळवलेला फोटो आला, आणि मी तो घाईने पुढे सरकवू लागलो. "हा बिघडला काकू."

"राहू दे."

टीव्हीवर काकाजींचा चेहरा होता. मागे कोणीतरी येतंय ना, एवढंच पाहणारा, थोडा घाबरलेला चेहरा. दुकानात इतकी वर्षं शेजारी बसून मी तो कधी पाहिला नव्हता.

"हे मांगं पाहतेत ते मले मालूम होतं," काकू हळूच म्हणाल्या. "यांचे पाय थांबत. पन वाट अशी खडबडीत, मी आपली खाली पाहून चालू. तोंड पाहलंच नोहोतं कधी."

काकाजी खाकरले. "मी म्हशी येतेत का मांगून ते पाहत होतो."

"हो जी. म्हशीच," काकू म्हणाल्या, आणि डोळे पुसून त्यांनी मला जेवून जायचं फर्मान सोडलं. त्या रात्री काकू आमच्या बरोबरीने जेवल्या. वांग्याची भाजी त्यांनी दुसऱ्यांदा घेतली, ते काकाजी चोरून पाहत होते.

मी निघालो तेव्हा काकाजी फाटकापर्यंत आले. कॅमेरा त्यांनी माझ्याच गळ्यात राहू दिला होता.

"अरुण, उद्या येशीन ना जी?"

"आता कशाला काकाजी? फोटो तर झाले."

ते फाटकाची कडी उगीच वर-खाली करत राहिले.

"फोटोचं नाई म्हनून राहिलो. इतके दिवस एकटाच गेलो ना, तं दर थोड्या येळानं मांगं पाहो, अन् पाळ रिकामी दिसे. मांगं कोनी नसलं तं चालनंच होत नाई मले."

"येतो," मी म्हणालो. "किती वाजता निघायचं ते सांगा."